‘टिपरे’ लागायची तेव्हा ताटात काय असायचं?

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका २००१ मध्ये अल्फा मराठीवर (आताचं झी मराठी) सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते. आबा, शेखर, श्यामल, शलाका, शिऱ्या आमच्याच मजल्यावर राहतात असं वाटायचं. त्या दिवशी आई कुकर लवकर लावायची. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी सालाची मूगडाळ, हिंग-जिऱ्याची फोडणी आणि भरपूर पाणी. खिचडी आसटच हवी, ताटात पसरली पाहिजे. एकदा शीर्षकगीत लागलं की तूप आणायला कुणी उठायचं नाही, म्हणून तुपाचं भांडंच टीव्हीसमोर यायचं. गेल्या रविवारी लेकीला एक जुना भाग लावून दिला आणि तशीच खिचडी केली, पोह्याचा पापड गॅसवर भाजला. तिने तूप मागितलं, तेव्हा भांडं हाताशीच होतं. तुमच्याकडे काय असायचं? अजून करता का? सविस्तर लिहा.

—

माझी आठवण त्याच्याही आधीची. दूरदर्शनवरचं ‘चिमणराव’ आम्ही शेजारी जाऊन बघायचो. तिथल्या काकू पातळ पोह्यांना कच्चं तेल, तिखट, मीठ, मेतकूट चोळून परातभर लावलेले पोहे ठेवायच्या. कांदा अगदी शेवटी, नाहीतर पोहे सादळतात. पुढे चिमणरावांचं काम करणारे दिलीप प्रभावळकरच ‘टिपरे’मधले आबा झाले तरी मला त्यांच्यात चिमणरावच दिसायचे, आणि बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ आता दारातून आत येतील असं वाटत राहायचं. पोहे आजही लावतो. घरात आम्ही दोघंच, पण परात मोठीच घेतो.

—

फोडणीचा भात! सकाळचा उरलेला, शेंगदाणे घालून, लोखंडी कढईत. तळाच्या खरपुडीवरून भावाशी भांडण ठरलेलं. हल्ली खरपुडी सुटली की आधी त्याला फोटो पाठवते.

—

थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. आजीची भाजणी संपल्यावर मी घरी भाजायला घेतली, तर घाईत धणे करपले आणि सगळं पीठ कडू झालं. दोन किलो होतं, फार जीव तुटला. आता प्रत्येक धान्य वेगळं भाजते, मंद आचेवर, आणि धणे-जिरे सगळ्यात शेवटी. थालीपिठाला मधे एक आणि बाजूने चार भोकं पाडून त्यांत तेल सोडलं की कडा कुरकुरीत होतात. आजी एवढं एकच मला तोंडी सांगून गेली.

—

आबा रोज डायरी लिहायचे, तसे आमचे आजोबाही लिहायचे. घरात सगळे त्यांना अण्णाच म्हणत. ते गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या. पानोपानी दुधाचा हिशोब आणि औषधांच्या वेळा. एका पानावर मात्र होतं, “टिपरे पाहिले. पिठलं उत्तम. आलं होतं.” आईला विचारलं, तर पिठल्यात आलं घातल्याचं तिला काही आठवेना. मी करूनच पाहिलं. बेसन पाण्यात कालवून गुठळ्या मोडल्या, फोडणीत लसणीबरोबर आलं किसून घातलं आणि झाकण ठेवून दणदणीत वाफ आणली. आईने गरम भाताबरोबर एक घास घेतला, थांबली आणि म्हणाली, “हो गं. अण्णांना खोकला झाला होता तेव्हा.”