मदत हवी आहे: फुटबॉल क्लबला सरावासाठी कायमचं मैदान (दादर ते शिवडी पट्टा)

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्न सांगतो, रडगाणं नंतर. नायगाव-परळ भागातल्या आमच्या छोट्या फुटबॉल क्लबला आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, हक्काने वापरता येईल असं मैदान हवंय. अख्खं नको, अर्धं चालेल. हिरवळ नको, माती चालेल. पुढच्या सोमवारी "आज इथे कार्यक्रम आहे" असं ऐकावं लागणार नाही, एवढीच अट. कुणाची शाळा, कंपनी, ट्रस्ट, जिमखाना यांच्याशी ओळख असेल तर कृपया सांगा. कुणी अशा खटपटीतून गेलं असेल तर अर्ज कुणाकडे आणि कसा केला तेही लिहा.

आता रडगाणं. क्लब सुरू झाला तो चाळींच्या मधल्या पटांगणात. एक गोल म्हणजे पाण्याच्या टाकीची भिंत, दुसरा गोल म्हणजे दोन उभ्या स्कूटर. मग पुनर्विकास आला, पत्रे लागले, पटांगण गेलं. तक्रार नाही, लोकांना घरं मिळतायत, आमच्या घरच्यांनाही मिळणार आहे. पण त्या पत्र्यांच्या आत आमचं होमग्राउंड होतं, ही गोष्ट कुठल्याच नकाशात नव्हती.

त्यानंतर तीन वर्षांत चार जागा झाल्या. एका शाळेने दीड वर्ष मैदान दिलं, पण नोव्हेंबर उजाडला की लग्नाचे मांडव. मांडववाले गेले की आमची मुलं सरावाआधी वीस मिनिटं खिळे वेचायची. पुढे मुख्याध्यापक बदलले आणि तोंडी करार त्यांच्याबरोबरच गेला. मग महापालिकेचं एक मैदान. तिथे क्रिकेटची नेट आधीपासून, त्यामुळे आम्ही कोपऱ्यात. खेळपट्टीवर स्टडचे बूट पडले की माळीकाका अंगावर यायचे. त्यांचंही बरोबर आहे, पण दहा वर्षांच्या पोराला बॉलच्या मागे धावताना खेळपट्टी कुठे सुरू होते ते दिसत नाही.

सध्या टर्फवर (कृत्रिम हिरवळीचं भाड्याचं छोटं मैदान) आहोत. आठवड्याला तीन दिवस, दीड तास, तासाला १८०० रुपये. महिन्याला ३२,४०० होतात. मुलं ६४, फी ३००, त्यातली पंधरा देऊ शकत नाहीत आणि आम्ही मागतही नाही. म्हणजे जमा १४,७००. उरलेले आम्ही चौघं आणि दोन जुने खेळाडू भरतो. फार महिने जमणार नाही.

पैशापेक्षा मोठी अडचण खेळाची आहे. टर्फला चारी बाजूंनी जाळी. बॉल बाहेर जातच नाही, त्यामुळे आमच्या चौदा वर्षांच्या मुलांना थ्रो-इन (रेषेबाहेर गेलेला बॉल हातांनी आत टाकणं) धड करता येत नाही. बॉल जाळीला आपटून परत येणार हे त्यांच्या अंगात भिनलंय. मोठ्या मैदानावर पहिला सामना खेळायला गेलो तेव्हा आमचा राइट बॅक (उजवीकडचा बचावपटू) रेषेबाहेर चाललेल्या बॉलची वाट बघत उभा राहिला! ०-६ ने हरलो. टर्फ वाईट नाही, पण तिथे फक्त पायातलं कसब वाढतं. मैदान केवढं मोठं असतं ते कळत नाही.

कृपया "शिवाजी पार्कला जा" असं सुचवू नका. २८ एकर ऐकायला खूप वाटतात. संध्याकाळी तिथे क्रिकेट अकादम्या, चालणारे, आजी-आजोबा, मल्लखांब, सगळं असतं आणि असायलाच हवं. पावसाळा तरी फुटबॉलचा असं कुणाला वाटेल, तर भर पावसात क्रिकेट खेळायची कांगा लीगही आपल्याच शहरात १९४८ पासून आहे.

– सेक्रेटरी (आणि सरावाचे प्लास्टिकचे कोन उचलणारा)

लालबागकर:

दादा, मनाला लावून घेऊ नका, इथे मोठ्यांचीही तीच गत आहे. मुंबई सिटी क्लबने आयएसएलचे (इंडियन सुपर लीग) पहिले दोन हंगाम, २०१४ आणि २०१५, नेरूळला काढले. मग अंधेरीचं क्रीडा संकुल मिळालं. २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे 'घरचे' सामने पुण्यात बालेवाडीला, आणि सौदीच्या अल-हिलाल क्लबविरुद्धचा पुन्हा नेरूळला. त्या सामन्याला नेमार येणार म्हणून मी किती उड्या मारल्या होत्या! त्याचा गुडघा आधीच गेला, सामना ०-२ ने आपण गमावला, आणि मी शेवटची हार्बर पकडून परत. त्याच्याही आधी दक्षिण मुंबईतलं कूपरेज मैदान बंद होतं तेव्हा मुंबई एफसी हा दुसरा क्लब आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेचे घरचे सामने बालेवाडीलाच खेळायची. मुंबईच्या क्लबचं घर पुण्यात, हे फक्त आपल्याकडेच होऊ शकतं.

मदत म्हणून एवढंच: नवी मुंबईत मैदानं बरी आहेत, तिकडे बघितलंत का?

सेक्रेटरी:

बघितलं. मुलं महापालिकेच्या शाळेतली, संध्याकाळी क्लास असतात. सातनंतर नेरूळहून परत आणायचं म्हणजे सरावापेक्षा प्रवास जास्त.

गोलकीपरची आई:

मी याच क्लबमधल्या एका मुलीची आई आहे, म्हणून लिहिते. मैदान शोधताना आकार नंतर बघा, आधी बाथरूम आणि दिवा बघा. मागच्या जागी बाथरूमला कुलूप असायचं. आमच्या मुली सरावाच्या दिवशी दुपारपासून पाणी प्यायच्या नाहीत, हे सरांना कुणी सांगितलं नव्हतं. एकोणीस मुली होत्या, आता अकरा आहेत. फुटबॉल आवडेनासा झाला म्हणून त्या गेल्या नाहीत. जागा सारखी बदलायची, आणि प्रत्येक नव्या जागी वडिलांना पुन्हा पहिल्यापासून पटवायचं. दोनदा पटवता येतं, तिसऱ्यांदा नाही.

सेक्रेटरी:

ताई, हे खरंच माहीत नव्हतं. मुली कमी होतायत ते दिसत होतं, कारण आम्ही परीक्षा समजत होतो. माफ करा. अटींच्या यादीत बाथरूम आता सगळ्यात वर.

रिटायर्ड रेफ्री:

चाळीस वर्षं शिट्टी वाजवली, त्यामुळे थोडं इकडचं-तिकडचं ऐकून घ्या. रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा १८९१ मध्ये या शहरात सुरू झाला. मफतलालचा संघ, ओरके मिल्सचा संघ, टाटा, रेल्वे, बँका यांना सरावाच्या जागेची भ्रांत नसायची, कारण मागे मालक उभा असायचा. मालक गेला की संघ गेला. महिंद्रा कंपनीच्या महिंद्रा युनायटेडने २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद केला. ज्याच्या हॅट-ट्रिकने भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत गेला, तो नेव्हिल डिसोझा आपल्या मुंबईचा. वांद्र्याच्या मैदानाला त्याचं नाव आहे. ते मैदान लीगच्या सामन्यांनी भरलेलं असतं, सरावाला तिथे आशा धरू नका. कूपरेज आणि क्रॉस मैदानाचं तेच.

तुमच्या भागात मी तीन प्रकारच्या जागा बघेन. पहिली, रेल्वे आणि बंदर यांची मैदानं. परळ-वडाळ्याकडे आहेत, संध्याकाळी कर्मचाऱ्यांची गर्दी पूर्वीइतकी नसते. पण परवानगीला वेळ लागतो आणि साहेब बदलला की फाइल पहिल्या पानावर. दुसरी, कॉलेजं. मे आणि दिवाळीत सोपं, परीक्षेत अशक्य. तिसरी, जुन्या ट्रस्टच्या शाळा. माझं मत विचाराल तर तिसरी. शाळेला तुमच्याकडून काहीतरी द्या. भाडं नाही, तर त्यांच्या मुलांना फुकट प्रशिक्षण आणि आंतरशालेय स्पर्धेसाठी संघ. मुख्याध्यापकांना शाळेच्या नावाचा कप कपाटात हवा असतो.

सेक्रेटरी:

काका, नेमकं हेच केलं होतं. आपल्याच पट्ट्यातल्या एका जुन्या शाळेला पत्र दिलं: पाच वर्षांच्या भाडेकराराने अर्धं मैदान द्या, बदल्यात तुमचे दोन संघ आम्ही तयार करतो. मुख्याध्यापिका बाई खूश होत्या. विश्वस्तांच्या बैठकीत गेलं आणि एका ओळीत नकार. कारण दिलं नाही. भेट मागितली तर भेटही नाही.

वकीलीण:

कारण मी सांगते. तुमच्या पत्रात "पाच वर्षांचा भाडेकरार" हे शब्द होते ना? तिथेच घोडं अडलं.

शाळा सार्वजनिक ट्रस्टची असेल तर तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो. त्याच्या कलम ३६ प्रमाणे बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. म्हणजे तुमच्या अर्ध्या मैदानासाठी विश्वस्तांनी वकील लावायचा, मूल्यांकन करायचं, अर्ज करायचा आणि तारखांना जायचं. शिवाय मुंबईत मोकळी जागा पाच वर्षं दुसऱ्याच्या हातात म्हटलं की कुठल्याही विश्वस्ताला कब्ज्याची स्वप्नं पडतात. तुम्ही पोरं खेळवणार असलात तरी कागद तसं बोलत नाही.

तुम्हाला जागेचा हक्क मुळात नकोच आहे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांना वापरायची परवानगी हवी आहे. तसंच लिहा: भाडेपट्टा नाही, ताबा नाही, आठवड्याचे तीन दिवस, दोन तास, अकरा महिने किंवा दोन वर्षं, नूतनीकरण दोघांच्या संमतीने. कुलूप आणि चावी शाळेकडेच. शाळेचे स्वतःचे कार्यक्रम आधी, पण पंधरा दिवस आधी कळवायचे. मुलांचा विमा आणि अपघाताची जबाबदारी क्लबची, हे स्वतःहून लिहा, त्यांना मागायला लावू नका. आणि मुख्याध्यापकांची सही पुरत नाही. विश्वस्त मंडळाचा ठराव घ्या, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी कागद राहतो.

एक विचारते, तुमचा क्लब नोंदणीकृत आहे का? १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी आणि हिशेब नसतील तर ठराव कुणाच्या नावे करायचा?

सेक्रेटरी:

नोंदणी आहे. ऑडिट दोन वर्षांचं बाकी आहे. (कोषाध्यक्ष हे वाचत असतील तर फोन उचला.)

ताई, तीन वर्षांचं हे कलम इतक्या जणांना विचारून कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, जितकी जास्त वर्षं मागू तितके आम्ही गंभीर दिसू.

लालबागकर:

महापालिकेच्या मैदानांचं काय? विकास आराखडा २०३४ मध्ये क्रीडांगण म्हणून आरक्षित भूखंड आपल्या भागातही असतील की.

रिटायर्ड रेफ्री:

असतील. पण कागदावर क्रीडांगण आणि जागेवर वाहनतळ, असा प्रकार मी पाहिलाय. माहिती अधिकारात दहा रुपये भरून वॉर्ड ऑफिसला विचारा की क्रीडांगणाचे भूखंड कोणते, कुणाच्या ताब्यात, संध्याकाळचं वाटप कुणाला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हातात यादी असली की बोलायची भाषा बदलते. आणि धारावीच्या जिल्हा क्रीडा संकुलात मुंबई शहरचे जिल्हा क्रीडा अधिकारी बसतात, त्यांना भेटा. शासनाची क्रीडांगण विकास अनुदान योजना आहे, शाळाही अर्ज करू शकतात. विश्वस्तांना सांगा की मैदान सपाट करायचा आणि दिव्यांचा अर्ज आम्ही लिहून देतो, सही तुमची. हात हलवत जाऊ नका.

सेक्रेटरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवसांत झालं ते कळवतो.

वकीलताईंनी सांगितल्याप्रमाणे पत्र नव्याने लिहिलं. "भाडेकरार" शब्द काढला, मुदत अकरा महिने, बाथरूमची किल्ली सरावाच्या वेळेत शिपाईमामांकडे असावी हे वेगळ्या ओळीत. त्याच शाळेत पुन्हा गेलो. बाईंनी पत्र ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, बैठक पुढच्या महिन्यात आहे, तोवर मैदानाचा नकाशा मोजमापासह द्या. विश्वस्तांना "अर्धं मैदान" म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत ते दिसायला हवं. माहिती अधिकाराचा अर्जही टाकलाय.

नऊ-नऊच्या सामन्याला साधारण ७० बाय ५० मीटर लागतात. मला वाटतं या शाळेत अर्धं मैदान ४५ बाय ३५ च्या आसपास भरेल, एका बाजूला वडाचं झाड येतं. तेवढ्यात दोन गट आलटून पालटून बसवता येतील, थ्रो-इनसाठी एक मोकळी बाजूही मिळेल.

शनिवारी सकाळी आठला मोजायला जातोय. आमची टेप तीस मीटरची आहे. परळ-दादर भागात कुणाकडे पन्नास मीटरची असेल तर दोन तासांसाठी मिळेल का?