झेंडूतलं नरवंध्यत्व दुसऱ्या लाईनमध्ये नेताना डीएनए मार्कर कुठे कामाला येतो?

प्रश्न – बीजवाडी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे आफ्रिकन झेंडूची बिनपाकळीची नरवंध्य लाईन, म्हणजे पराग न देणाऱ्या झाडांचा वंश, आहे. फुलात नुसते तंतू दिसतात, पुंकेसर नाहीत. वंध्यत्व एकाच अप्रभावी जनुकाचं आहे, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती असतील तरच झाड वंध्य. वंध्य झाडावर सुपीक (पराग देणाऱ्या) भावंडाचा पराग टाकला की पुढच्या पिढीत दोन्ही प्रकार निम्मे-निम्मे येतात. हा गुण एका गडद केशरी, गच्च फुलाच्या लाईनमध्ये बॅकक्रॉसने, म्हणजे दर पिढीला त्याच लाईनशी पुन्हा संकर करून, न्यायचा आहे. शिवाय संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये मादी ओळीतली निम्मी रोपं कळ्या येईपर्यंत सांभाळून मग उपटावी लागतात. या दोन्ही ठिकाणी मार्कर (जनुकाजवळची ओळखखूण असलेला डीएनएचा तुकडा) वापरावा का? आणि पानातून डीएनए काढताना तळाशी तपकिरी गोळा बसतो, पीसीआरमध्ये (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवायची चाचणी) जेलवर पट्टाच येत नाही. त्यावर उपाय सांगा.

उत्तर – रेणू_आणि_रोप

दोन्ही कामं वेगळी आहेत, उत्तरंही वेगळी.

बियाण्याच्या प्लॉटसाठी मार्कर नको. वंध्य झाड पहिली कळी उमलताना डोळ्यांना दिसतंच, मग हजारो रोपांची चाचणी कशाला करायची? मादी ओळीत रोपं दुप्पट दाट लावा आणि कळ्या रंग दाखवू लागल्या की रोज सकाळी मधमाश्या यायच्या आत सुपीक झाडं काढून टाका. याहून चांगलं म्हणजे खात्रीच्या वंध्य झाडांचे शेंडे कोकोपीटमध्ये रुजवा. झेंडूचं छाट कलम सहज लागतं आणि मादी ओळ शंभर टक्के वंध्य मिळते.

बॅकक्रॉसमध्ये मात्र मार्कर खरा उपयोगी आहे. वंध्य झाड गुणिले केशरी लाईन केलं की एफ-१ ची, म्हणजे पहिल्या संकरित पिढीची, सगळी झाडं सुपीक, पण प्रत्येकात वंध्यत्वाची एक प्रत दडलेली. ती पुन्हा केशरी लाईनशी जोडली की निम्म्या झाडांत प्रत असते, निम्म्यांत नसते, आणि फुलं बघून काहीच कळत नाही. सहप्रभावी मार्कर (एक प्रत आणि दोन प्रती वेगळ्या दाखवणारा) असेल तर चार पानांच्या रोपावरच निवड होते. प्रत्येक पिढीत किमान एक वाहक (दडलेली प्रत असलेलं झाड) ९९ टक्के खात्रीने हवा असेल तर ७ रोपं पुरतात. पण रंग आणि गच्चपणावरही निवड करायची आहे, म्हणून ४०-५० रोपं तपासा आणि त्यातले वाहकच शेतात लावा. केशरी लाईनचा वाटा सरासरीने पहिल्या बॅकक्रॉसला ७५, दुसऱ्याला ८७.५, तिसऱ्याला ९३.७५ आणि चौथ्याला जवळपास ९७ टक्के होतो.

संकर करताना एक लक्षात ठेवा: बाहेरच्या जिभेसारख्या पुष्पकांत फक्त स्त्रीकेसर असतो, पराग मधल्या नळीसारख्या पुष्पकांत. मधली पुष्पकं उमलण्याआधी चिमट्याने उपटा, बटरपेपरची पिशवी घाला, बाहेरच्यांचे स्त्रीकेसर दुभंगले की पराग लावा.

उत्तर – जेलटाकी

तपकिरी गोळा म्हणजे पानातले पॉलिफेनॉल हवेने काळवंडून डीएनएला चिकटलेले. तेच पीसीआरचं एन्झाइम अडवतात. पान कोवळं घ्या, शेंड्याचं, ५० ते १०० मिलिग्रॅम, जास्त नको. २ टक्के सीटॅबच्या (पेशी फोडणारं रसायन) द्रावणात २ टक्के पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारं) घाला. काळवंडणं रोखणारं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ऐन वेळी, १ टक्क्यापर्यंत आणि फ्यूमहूडमध्येच (वाफ ओढून घेणारं कपाट). आदल्या दिवशी घालून ठेवलेल्याचा उपयोग राहत नाही. पान वाटल्यावर ते ६५ अंशाच्या द्रावणात लगेच बुडालं पाहिजे. नुसतं वाटून ठेवलं की काळं पडलंच. ६५ अंशावर ३०-४५ मिनिटं, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल २४:१ दोनदा. वरचा थर उचलताना मधल्या पांढऱ्या थराला टिप लागू देऊ नका.

गोळा तपकिरी नसून चिकट, जेलीसारखा असेल तर ती शर्करा आहे. आयसोप्रोपेनॉल टाकण्याआधी वरच्या द्रावणाच्या निम्म्याइतकं ५ मोलर मीठ मिसळा. शेवटी ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा.

सध्याचे नमुने फेकू नका. १:१० आणि १:५० पातळ करून पीसीआर लावून पाहा, बऱ्याचदा पट्टा तिथेच येतो. मिश्रणात बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन हे प्रथिन ०.१ ते ०.४ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर टाकलं तरी अडथळा कमी होतो. आणि एसएसआर मार्करच्या (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तीवर आधारलेला) दोन पट्ट्यांत फरक १० बेसपेअरच्या आत असेल तर साध्या १.५ टक्के अ‍ॅगारोजवर तो सुटणार नाही, ६-८ टक्के पॉलिअ‍ॅक्रिलामाइड लागेल.

उत्तर – मळा_ते_मंडई

एकाच लाईनसाठी प्रयोगशाळा उभी करणं मला पटत नाही. बॅकक्रॉसच्या प्रत्येक सुपीक झाडाचा पराग एकाच वेळी दोन ठिकाणी लावा: केशरी लाईनवर आणि वंध्य झाडावर. वंध्य झाडावरच्या बियांत वंध्य रोपं निघाली की ते झाड वाहक, त्याचंच केशरीवरचं बी पुढे न्या. तपासायला दर झाडामागे ७ रोपं बास. स्वपरागाने तपासायचं तर ३:१ मुळे १७ लागतात.

उत्तर – बीजवाडी

आणखी दोन लाईनही रांगेत आहेत. प्रकाशित शोधनिबंधातला मार्कर थेट वापरला तर चालेल?

उत्तर – रेणू_आणि_रोप

मळा_ते_मंडई यांची दोन ठिकाणी पराग लावायची पद्धत एका लाईनला उत्तम आहे, तीन लाईनींना हाताच्या संकरांची संख्या आवाक्याबाहेर जाते. तेव्हा मार्कर घ्या, पण थेट नाही. आधी तुमच्या वंध्य आणि केशरी लाईनमध्ये त्याचे पट्टे वेगळे दिसतात का बघा. दुसऱ्या कुळात वंध्यत्वासोबत असलेला पट्टा तुमच्याकडे सुपीक बाजूलाही असू शकतो. एफ-१ वंध्य झाडावर लावून येणारी ४० फुललेली झाडं, वंध्य आणि सुपीक मिळून, तपासल्याशिवाय त्यावर निवड करू नका.

मार्कर जनुकापासून ५ सेंटिमॉर्गनवर (जनुकीय अंतराचं माप, १ म्हणजे दर पिढीत साधारण १ टक्का फारकत) असेल तर दर पिढीत १०० पैकी ५ झाडं फसवतात आणि चार पिढ्यांत गुण हरवण्याची शक्यता १८-१९ टक्के होते. जनुकाच्या दोन्ही बाजूंना तितक्याच अंतरावर एकेक मार्कर धरला तर ती चूक दर पिढीला पाव टक्क्यावर येते. जुळणारा मार्कर मिळालाच नाही, तर २०-२५ वंध्य आणि तितक्याच सुपीक भावंडांचा डीएनए समप्रमाणात मिसळून दोन गठ्ठे करा, सिक्वेन्सिंगला द्या आणि फरक कुठे एकवटतो ते शोधा.

चौथ्या बॅकक्रॉसचं वाहक झाड स्वपरागित केलं की चौथा हिस्सा वंध्य येतो. उरलेल्या सुपीक झाडांतली दोन-तृतीयांशच वाहक असतात आणि वंध्य लाईन पुढे टिकवायला पराग त्यांचाच लागतो. तिथे मार्कर पुन्हा एकदा वापरा, नाहीतर बिनप्रतीच्या झाडाचा पराग गेला की पुढच्या पिढीत एकही वंध्य रोप निघणार नाही.