मदत हवी आहे: मुलांना इतिहास आवडतो, इतिहासाचा तास मात्र नको असतो

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इतिहास शिकवते. सहामाहीचे पेपर तपासून झाल्यावर मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. नाव घालायचं नाही, इतिहासातलं काय आवडतं आणि काय नको वाटतं ते मोकळेपणी लिहायचं, एवढंच सांगितलं.

सनावळ्यांबद्दल तक्रार येणार हे माहीत होतं आणि ती आलीच. पण तिच्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टी जास्त होत्या. एकीने लिहिलंय, ‘टीप माझ्या शब्दांत लिहिली की मार्क कापतात, गाईडमधली लिहिली की पूर्ण मिळतात.’ दुसरीचा प्रश्न, ‘लढाई चालू असताना बायका काय करत होत्या?’ एकाने लिहिलंय, ‘कोण जिंकलं ते आधीच माहीत असतं, मग विचार कशाचा करायचा?’ आवडीच्या बाजूला किल्ले, हेरगिरी, वेषांतर, तुरुंगातून पळून जाणं. आणि बऱ्याच जणांनी ‘तुम्ही पुस्तक मिटून सांगता तेव्हा’ असं लिहिलंय.

पंचवटीतून येणाऱ्या एका मुलाची चिठ्ठी मी अजून पर्समध्ये ठेवली आहे. ‘मी रोज काळाराम मंदिराच्या बाजूने येतो. पुस्तकातला सत्याग्रह तिथलाच आहे हे मला पेपर लिहिताना कळलं.’ २ मार्च १९३० ही तारीख त्याने पेपरात बरोबर लिहिली होती. दादासाहेब गायकवाडांचं नावही होतं. सगळं पाठ होतं, फक्त जागा कुठली हे ठाऊक नव्हतं.

माझी अडचण अशी. तास पस्तीस मिनिटांचा, पोर्शन मार्चच्या आत संपवायचा. क्षेत्रभेटीला परवानगी मागितली तर ‘सहल झाली ना’ असं उत्तर मिळतं, आणि सहल जाते वॉटर पार्कला. मला पुस्तक बाजूला ठेवायचं नाही, धडे चांगले आहेत. पण हे सगळं आपल्याच गावात घडलंय आणि ते आपल्याला तपासून बघता येतं, असं मुलांना वाटायला हवं. नाशिकमधलं काय वापरू? वर्गात बसून काय करता येईल? आणि परीक्षेचं गणित कसं सांभाळू? कोणी असं काही करून पाहिलं असेल तर तपशिलात सांगा, प्लीज.

प्रतिसाद – निवृत्त शिक्षक, सिडको

ताई, गणिताचं म्हणालात म्हणून सांगतो. आपल्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने बौद्ध भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमची ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवले. त्यातले २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि उरलेले १००० दुसरीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

हे आकडे फळ्यावर लिहा आणि हिशेब जुळतो का ते मुलांना बघू द्या. २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस जणांना बारा-बारा म्हणजे २४०. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या वर्गात हे उत्तर निघालं तेव्हा मागच्या बाकावरची पोरं उभी राहिली होती. जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब आपण तपासला आणि तो बरोबर निघाला, याचा आनंद वेगळाच असतो. मग प्रश्न आपोआप येतात: विणकरांकडे बँकेसारखे पैसे का ठेवले? राजाकडे का नाही? गोवर्धन म्हणजे गंगापूर रोडवरचं आपलं गोवर्धनच का? यातलं काहीही पाठ करावं लागत नाही आणि विसरलंही जात नाही.

लेण्यांवर न्यायचं ठरलंच तर सकाळी लवकर जा, पायऱ्या उन्हात जीव काढतात. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

प्रतिसाद – अकरावी, कला शाखा

मॅडम, मी गेल्या वर्षी दहावी झाले. मला सनावळ्यांचा राग यायचा, कारण प्रत्येक धड्याच्या वेगळ्या असायच्या. मग आमच्या ताईंनी वर्गाच्या भिंतीवर दोरी बांधली आणि सगळ्या धड्यांतल्या तारखा एकाच दोरीवर लावायला सांगितल्या. तेव्हा दिसलं की काळाराम सत्याग्रह २ मार्चला सुरू झाला आणि दांडी यात्रा १२ मार्चला निघाली. दोन्ही १९३० मध्येच, मध्ये फक्त दहा दिवस! पुस्तकात हे दोन वेगळे धडे आहेत, त्यामुळे माझ्या डोक्यात ती दोन वेगळी वर्षंच होती. एकीकडे मिठासाठी लोक निघालेत आणि इथे देवळाच्या दारात आपल्याच माणसांना आत जाऊ द्या म्हणून लोक बसलेत. यावर आमचा वर्ग दोन तास भांडला. तेव्हापासून मला तारखा आवडायला लागल्या.

टीपांचं मात्र त्या मुलीचं खरं आहे. स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्याला तुम्ही तरी पूर्ण मार्क द्या.

प्रतिसाद – सिन्नरकर

आमच्या तालुक्यातल्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश नाण्यांवर नहपानाला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर उमटलाय आणि खालून जुनं नाक, जुनी अक्षरं डोकावतायत. असा मोठा फोटो वर्गात लावा आणि विचारा, कोण आधी, कोण नंतर, कशावरून? ज्या मुलाला ‘कोण जिंकलं ते आधीच माहीत असतं’ असं वाटतं, त्याला इथे स्वतः शोधावं लागेल. प्रत्यक्ष नाणी दाखवायची असतील तर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे नाण्यांचं संग्रहालयही आहे. आधी फोन करून जा.

प्रतिसाद – एक पालक

सगळं छान आहे, पण दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा आणि तो लिहूनच द्यावा लागतो. पाठांतराची सवय पूर्ण सोडू नका, एवढी विनंती.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पालकांचं म्हणणं मान्य आहे. दोरीवर लावलेल्या तारखांचीच दर पंधरवड्याला छोटी चाचणी घेईन, म्हणजे पाठांतरही होईल. टीपांचं आजच वर्गात सांगून टाकलं: मुद्दे बरोबर असले की शब्द तुमचे चालतील. सर, उषवदाताचा हिशेब सोमवारी घेते. लेण्यांचा काळ सहावीच्या अभ्यासक्रमातला असला तरी आमचा पहिलाच धडा ‘इतिहासाची साधने’ आहे, त्याच्या उजळणीत बसवते.

एक प्रश्न अजून. सशस्त्र क्रांतिकारी चळवळीच्या धड्यात अनंत कान्हेरे येतात. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा कान्हेरेंनी केलेला वध. मुलांना हा भाग फार आवडतो. पण काल एकीने कुठेतरी वाचून विचारलं, ‘जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता म्हणे, मग तो वाईट कसा?’ मला तिला गप्प करायचं नाही आणि कान्हेरेंचं बलिदानही कमी लेखायचं नाही. औरंगाबादला चित्रकला शिकणारा तो कोवळा मुलगा एप्रिल १९१० मध्ये फासावर गेला, हेही तिला समजायला हवं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांशी हे दोन्ही एकाच तासात कसं बोलायचं? ज्यांनी हा धडा शिकवलाय त्यांनी कृपया लिहा, पुढच्या आठवड्यात हाच धडा आहे.