जमीन त्यांची, कोळसा दुसऱ्याचा

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलेशिया या डोंगराळ, कोळशाच्या भागातल्या गरिबीचा विषय निघाला की ‘तिथले लोक आळशी आहेत, शहरात का जात नाहीत?’ असं काही जण विचारतात. गेले की! दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो माणसं डेट्रॉइट, शिकागो, सिनसिनाटीच्या कारखान्यांत गेली.

खरं दुखणं त्याआधीचं आहे. या भागातल्या केंटकी राज्याच्या पूर्वेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दलालांनी शेतकऱ्यांकडून जमिनीखालच्या खनिजाचे हक्क कवडीमोलाने लिहून घेतले. वरची जमीन शेतकऱ्याच्या नावावर राहिली, पण कोळशासाठी ती वाटेल तशी खणायची मुभा कंपनीला. नातवंडांच्या काळात मोठी यंत्रं आली, शेतं उकरली गेली, आणि न्यायालयांनी बराच काळ कंपन्यांचीच बाजू उचलून धरली. हे थांबवायला १९८८ साली राज्याची घटना दुरुस्त करावी लागली! अशा माणसांना आळशी म्हणणं मला अजिबात पटत नाही.

१९६४ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन पूर्व केंटकीतल्याच मार्टिन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) एका गरीब घराच्या ओसरीवर जाऊन बसले होते. त्याच काउंटीत २००० साली कोळसा धुतलेल्या गाळाचा साठा फुटला आणि सुमारे ३० कोटी गॅलन चिखल ओढ्यांत उतरला. त्यानंतर कित्येक वर्षं तिथली कुटुंबं पिण्याचं पाणी विकत आणत होती.