‘मिलाफ’ नको, मग कोणता शब्द?

ओपेथ या स्वीडिश बँडच्या ‘द लास्ट विल अँड टेस्टमेंट’ (नोव्हेंबर २०२४) या अल्बमवर चार ओळी लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्यात अडकलो. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ, घरातला कर्ता पुरुष गेलाय, मुलांसमोर मृत्युपत्र वाचलं जातंय. आठपैकी सात गाण्यांना नावंच नाहीत, नुसते कलमांचे आकडे. त्यात डेथ मेटल या अतिकठोर रॉकमधली घोगरी गुरगुर, म्हणजे ‘ग्रोल’, आहे (स्टुडिओ अल्बमवर ती २००८च्या ‘वॉटरशेड’नंतर थेट आत्ता), सत्तरच्या दशकातला प्रोग-रॉक (प्रोग्रेसिव्ह रॉक, लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचा) आहे, व्हायोलिनांचा ताफा आहे, वर जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या इयान अँडरसनची बासरी. याला ‘विविध शैलींचा सुरेख मिलाफ’ म्हटलं की दिवाळी पहाटेची बातमी वाटते. दुसरा शब्द आहे का?

— सरमिसळ. आवडला नसेल तर भेसळ! ‘मिश्रण’ मात्र नको, ते खोकल्याच्या बाटलीवर शोभतं.

— धेडगुजरी?

— तो शब्द आता सोडाच. त्यात एका जातीचं नाव तुच्छतेने आलंय. शिवाय अर्थही ‘धड ना हे, धड ना ते’ असा. इथे तसं काही नाही.

— अलंकारशास्त्रात यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. तीळ-तांदूळ एकत्र केले तरी निवडता येतात, ती संसृष्टी. दूध-पाणी एक झालं की तो संकर. पण ‘संकर’ म्हटलं की आज बियाण्याचं पाकीट आठवतं, म्हणून मी रागांकडे वळेन. राग शुद्ध, छायालग आणि संकीर्ण असे तीन प्रकारचे मानतात. छायालगमध्ये दुसऱ्या रागाची नुसती सावली पडते, संकीर्णात दोन किंवा अधिक राग खरोखर मिसळतात. चौथ्या कलमात मध्येच सगळं थांबून हार्प आणि बासरी उरते, मग गिटारी पुन्हा अंगावर येतात. ते ऐकताना मला तिरोभाव-आविर्भाव आठवला: मूळ राग क्षणभर झाकायचा, पुन्हा उघडा करायचा. मिसळण्यापेक्षा हे झाकणं-उघडणंच या बँडचं खरं कसब.

— छायालग! पण वाचकाला कळेल?

— ‘मिश्र पिलू’ कळतो ना? मग ‘मिश्र’ लिहा. ठुमरीवाल्यांनी तो शब्द कधीच चांगल्या अर्थाने रुळवलाय.

— जाता जाता, प्रोग्रेसिव्ह मेटलला ‘पुरोगामी मेटल’ करू नका. लोक सत्यशोधक जलसा समजून येतील.

मूळ प्रश्नकर्ता: आभार. वाक्य असं केलंय: ‘पाया मेटलचा, त्यावर जुन्या प्रोग-रॉकची छाया, चौथ्या कलमात मात्र छायाच पुढे येते आणि मेटल मागे उभं राहतं.’ ‘मिलाफ’ गेला. आता ‘ग्रोल’ला ‘गुरगुर’ चालेल की कुत्रं आठवतं?

— आठवू दे.