दोशी : शहामृगातला श! (अनुभव येऊ द्या)

माझं माहेरचं आडनाव दोशी. हुमड जैन, गुजरातेतून सोलापुरात येऊन चार पिढ्या झाल्या. घरात गुजराती, दारात मराठी. परवा कुरियरवाल्याला शंभराव्यांदा सांगितलं, "शहामृगातला श हो, पोटफोड्या नव्हे!" म्हटलं, हा वैताग माझ्या एकटीचा नसणार.

अर्थ अगदी साधा आहे. संस्कृतात दूष्य म्हणजे कापड, ते विकणारा दौष्यिक, प्राकृतात दोसिअ, त्याचं दोशी झालं. म्हणजे आम्ही कापडवाले. अहमदाबादेत दोशीवाडानी पोळ, म्हणजे जुनी गल्ली-वस्ती, आहे ती यांचीच. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंदही दोशीच, पण त्यांना आडनावाने कोणी ओळखत नाही. सुटले!

तुमचं लिहा. शहा, पारेख, गांधींनाही मज्जाव नाही.

*

पाचवीत नवे सर आले. हजेरी घेताना थबकले. "यातला दोषी कोण?" मी उभा राहिलो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, कबूल झाला!" हसलो तेव्हा. पण पुढे दाखल्यावरही 'दोषी'च छापून आलं. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, वडिलांच्या सात चकरा. खिडकीतल्या कारकुनाचं म्हणणं, "उच्चार तोच आहे ना, मग?"

*

मी माहेरची कुलकर्णी. लग्न ठरल्यावर पहिल्यांदाच भावनगरला गेले, दारावर इंग्रजी पाटी. आईला फोन केला, "अगं, डोशींकडे पोचले." हॉलमध्ये एकदम चिडीचूप. गुजरातीत डोशी म्हणजे म्हातारी! सासूबाई तेव्हा एकोणपन्नासच्या होत्या. अजून ऐकवतात.

*

पारेख. परीक्षक या शब्दावरून. नाणं, सोनं, मोती खरं की खोटं ते पारखणारे. काल भाजीवालीने टेप लावलेली दोनशेची नोट माझ्या हातात कोंबली, ती घरी येऊन कळली.

*

आम्ही शहा. मूळ शब्द साधु, त्याचं साहु, साह, आणि फारसी शाहच्या वळणाने शहा. मराठीतला 'साव' याच कुळातला, सावकारही. आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक दोशी, एक शहा. म्हणजे एक दोषी, एक साव. मेंटेनन्स मात्र दोघांचाही थकलेला.

*

अकलूज. आमचं अजून कापडाचंच दुकान. आजोबांना आता फारसं दिसत नाही. तागा आला की काठ अंगठा नि तर्जनीत धरून चोळतात, दोन धागे उसवून ओढून तोडतात आणि म्हणतात, "आमा भेळ छे. सुतीच्या भावात घेऊ नको." आजवर चुकलेले नाहीत. पाटी रंगवायला दिली तेव्हा रंगाऱ्याने 'दोषी वस्त्र भांडार' करून आणलं. दिवाळी तोंडावर होती, दुसरी करायला वेळ नव्हता, तीच लावली. लोक थांबून वाचायचे, हसायचे आणि आत यायचे. आजोबांनी ती पाटी पाडव्यापर्यंत उतरवू दिली नाही.