मदत हवी आहे: ड्रॅगन नसलेले फॅन्टसी गेम सुचवा

नमस्कार मंडळी. 2011 चा 'स्कायरिम' परत खेळायला घेतलाय. व्हाइटरन शहराजवळच्या बुरुजापाशी पहिल्यांदा ड्रॅगनशी लढावं लागतं तेव्हा आजही अंगावर काटा येतो. पण पुढे रस्त्याने जाताना कुठेही ड्रॅगन झेपावतो, आणि विसाव्या वेळी मी नुसता धनुष्य काढून काम उरकतो. भीतीच संपते. डोंगरमाथ्यावरचा म्हातारा ड्रॅगन पार्थरनॅक्स तेवढा मनात राहिला, कारण तो आपल्याशी लढत नाही, बोलतो.

मग 'एल्डन रिंग'मध्येही अगील तळ्यावर तेच: उडणं, आग ओकणं. ड्रॅगनचा अतिरेक झालाय असं तुम्हालाही वाटतं का, की मीच चुकीचे गेम निवडतोय?

'विचर 3' मात्र फार आवडला. त्यात ऐन दुपारी विहिरीपाशी दिसणारी, स्लाव लोककथांतून आलेली बाई आहे. भर बारा वाजता विहिरीवर जाऊ नकोस असं आमची आजी सांगायची, तेच आठवलं!

असे लोककथांतली भुतं-राक्षस असलेले गेम कोणते? पीसीवर चालणारे, एकट्याने खेळायचे हवेत. भारतीय पुराणकथांवरचा 'राजी' खेळून झालाय. आणि ड्रॅगन असूनही खरंच वेगळा वाटलेला एखादा गेम असेल तर तोही नक्की सांगा.